मुलांच्या हातीं चेंडू

चेंडूच्या दोन जुन्या कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत. एक गोकुळांतली. सवंगड्यांबरोबर खेळतां खेळतां चेंडू यमुनेच्या डोहांत गेला आणि त्याच्या पाठोपाठ बाळकृष्णानें डोहांत उडी घेतली. दुसरी हस्तिनापुरची. राजकुमारांचा चेंडू कोरड्या विहिरींत पडला, कुमार कांठावर वांकून पाहूं लागले, आणि तितक्यांत आलेल्या द्रोणाचार्यांनीं गवताच्या काड्या एकींत एक रोंवून तो वर काढला. कथा ऐकणारें मूल त्यांतला पराक्रम पाहतें, आणि तें योग्यच आहे. कथा सांगणाऱ्या वडील माणसानें मात्र त्यांतील दुसरी गोष्टही ध्यानांत घ्यावी. दोन्ही कथांत चेंडू जेथें जाऊं नये तेथें गेला, आणि मुलें त्याच्या मागोमाग गेलीं. डोहांतून सुखरूप वर येणें देवाला साधलें. विहिरीच्या कांठावर ऐन वेळीं द्रोणाचार्य आले. प्रत्येक घरच्या मुलाचें दैव इतकें बलवत्तर असतेंच असें नाहीं.

चेंडूइतकें सोपें, स्वस्त आणि अनेक वर्षें पुरणारें खेळणें दुसरें नाहीं. किल्लीची गाडी बिघडते, चित्रांचें पुस्तक फाटतें, ठोकळे हरवतात; चेंडू मात्र घरांतल्या धाकट्यापर्यंत टिकतो. तो घरंगळतो, उसळतो आणि हातून निसटतो, ह्यांतच मुलाचा सारा आनंद आहे. परंतु जो त्याचा गुण तोच त्याचा दोष. घरंगळणारा चेंडू मुलाला रस्त्यावर नेतो, उसळणारा डोळ्यावर येतो, आणि अगदीं लहानसा असला तर तोंडांत जातो. म्हणून चेंडूच नको असें म्हणणारें घर मुलाला एका मोठ्या सुखाला मुकवितें. आणि चेंडू आणून दिला कीं काम संपलें असें समजणारें घर त्याला संकटांत लोटतें. ह्या दोहोंमधला मार्ग थोडक्यांत सांगतां येतो. चेंडू मुलाच्या वयाचा असावा, आणि जागा चेंडूच्या धांवेची असावी. पुढील सारें विवेचन म्हणजे ह्या दोन सूत्रांचाच विस्तार आहे.

चेंडूची निवड हा शिक्षणाचा विषय आहे हें प्रथम ज्यांनीं ओळखलें त्यांत जर्मनीचे फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांचें नांव अग्रगण्य आहे. १८३७ सालीं त्यांनीं बाड ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं एक संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, असें नांव दिलें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या साधनांना ते ‘देणगी’ म्हणत, आणि त्यांची पहिली देणगी म्हणजे सहा मऊ चेंडू. ते लोंकरीनें मढविलेले असून तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे त्यांचे सहा रंग होते, आणि त्यांना दोऱ्या बांधलेल्या असत. ह्या साध्या योजनेंत केवढें शहाणपण आहे पाहा. चेंडू मऊ असल्यामुळें तो मुलाला लागत नाहीं. दोरी असल्यामुळें तो मुलापासून पळून जात नाहीं. तो झुलतो, लपतो आणि पुन्हां समोर येतो. लांकडी गोळा फ्रोबेलनीं दुसऱ्या देणगींत ठेवला. मऊ आधीं, कठीण नंतर, हा क्रम घरोघर पाळण्यासारखा आहे.

आतां वयाप्रमाणें विचार करूं लागल्यास पहिला टप्पा बसूं लागलेल्या मुलाचा. सहा ते दहा महिन्यांचें मूल सतरंजीवर बसलें असतां आईनें किंवा आजोबांनीं त्याच्या समोर पाय फांकून बसावें आणि नारळाएवढा मऊ चेंडू हळूच त्याच्याकडे घरंगळत सोडावा. प्रथम मूल नुसतें पाहील. मग त्यावर हात मारील. कांहीं दिवसांनीं तो परत ढकलील, आणि त्या क्षणीं त्याच्या चेहऱ्यावर जें हसूं उमटतें तें पाहण्याजोगें असतें. ‘आला, आला, चेंडू आला, गेला, गेला, चेंडू गेला’ असें बोलत राहावें, भाषाही त्याच ओघांत येते. ह्या खेळांत मूल जन्मांतला एक मोठा धडा गिरवितें. दिलेलें परत येतें, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें असतें.

ह्याच वयांत सर्वांत मोठा धोका तोंडाचा. मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालून पाहतें आणि वाटोळी, गुळगुळीत वस्तु घशाशीं जाऊन बुचासारखी घट्ट बसते. श्वासाला वाट उरत नाहीं. १९९४ सालच्या अमेरिकन कायद्यानें तीन वर्षांखालील मुलांसाठीं पावणेदोन इंचांहून, म्हणजे सुमारें साडेचव्वेचाळीस मिलिमीटरांहून, कमी व्यासाचे चेंडू विकण्यास बंदी केली, ती ह्याच कारणानें. घरच्या घरीं ह्याहून कडक नियम पाळावा: मुलाच्या दोन्ही मुठी एकत्र केल्या तर जेवढ्या होतील त्याहून चेंडू मोठाच हवा. थोरल्या भावंडांच्या गोट्या, रबराचे छोटे उसळते चेंडू आणि मण्यांच्या माळा वेगळ्या डब्यांत, उंच फळीवर ठेवाव्यात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर गोटीपेक्षांही वाईट, कारण तो घशाला चिकटून बसतो.

आजच्या बाजारांत आणखी कांहीं नवीं संकटें आलीं आहेत. लुकलुकणाऱ्या चेंडूच्या पोटांत गुंडीएवढी विजेची बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेंत अडकली तर दोन तासांच्या आंतसुद्धां भाजल्यासारखी गंभीर इजा होऊं शकते. चुंबकाच्या छोट्या गोळ्या पोटांत गेल्या तर आंतड्याचे पदर चिमटीत धरून त्यांना भोकें पाडतात. पाण्यांत टाकले असतां फुगणारे रंगीत मणी पोटांत फुगून वाट अडवितात. ह्यांपैकीं कांहींही गिळल्याचा संशय आला तरी वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. आणि मुलाचा श्वास कोंडला असतां डोळे मिटून त्याच्या घशांत बोट घालूं नये. त्यानें वस्तु आणखी आंत जाते. अशा वेळीं काय करावें हें प्रत्येक आईबापानें आपल्या डॉक्टरांकडून आधींच शिकून ठेवावें. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून, ठराविक हस्तकलेच्या वस्तु वगळतां, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें आहे. विकत घेतांना तें पाहण्याची संवय लावून घ्यावी.

परंतु पहिला चेंडू विकतच घ्यावा असें मुळींच नाहीं. चिंध्यांचा चेंडू अजूनही अव्वल दर्जाचा आहे. जुन्या सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या पट्ट्या फाडाव्या, त्यांचा मोगऱ्याच्या गजऱ्याएवढा मऊ गोळा करावा, मग त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या गुंडाळीत तो हवा तेवढा मोठा करावा. गुंडाळी फार आवळूं नये; आवळलेला चेंडू दगडासारखा होतो. शेवटीं जुना पायमोजा चढवून तोंड शिवून टाकावें. गुंड्या, घुंगरू, टिकल्या कांहीं लावूं नये. हा चेंडू धुतां येतो, कांच फोडीत नाहीं, आणि फार लांब पळत नाहीं. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं १९४५ पासून त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें जें कार्य केलें त्यांत महागड्या साधनांऐवजीं भोंवतालीं मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग करण्यावर भर होता. शिंपले, पानें, खडे ह्यांतून तेथें शिक्षण उभें राहिलें. घरांतल्या चिंध्यांचा चेंडू हा त्याच विचाराचा वारस होय.

दीड-दोन वर्षांचें मूल सांपडेल तें फेकूं लागतें. वाटी, किल्ल्या, आजोबांचा चष्मा, कशाचीही गय होत नाहीं. त्याला रागावण्यापेक्षां फेकण्याला योग्य वस्तु आणि योग्य ठिकाण द्यावें. दोन पावलांवर एक मोठी वेताची टोपली ठेवून तींत चेंडू टाकावयास सांगावें. साधलें कीं टोपली अर्धें पाऊल मागें सरकवावी. न साधलें तर निमूटपणें जवळ आणावी. जोड्यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या एकावर एक रचून चेंडूनें पाडणें हा दुसरा खेळ. मनोरा पडतांना होणारा आवाज मुलाला अतिशय प्रिय असतो, आणि पुन्हां रचण्याचें काम तें आनंदानें करतें. ह्याच सुमारास, म्हणजे दुसऱ्या वर्षाअखेर, बहुतेक मुलें चेंडूला लाथ मारूं लागतात. त्यासाठीं मोठा पण हलका, हवा थोडी कमी भरलेला चेंडू घ्यावा. हवा कमी असली कीं तो पायाखालून निसटत नाहीं आणि त्यावर पाय पडून मूल पालथें होत नाहीं.

फेकण्याहून झेलणें पुष्कळच कठीण, आणि नेमकी येथेंच वडील मंडळींची घाई नडते. दोन-अडीच वर्षांचें मूल दोन्ही हात ताठ पुढें धरून उभें राहतें. चेंडू हातांवर आपटून निघून गेला तरी हात तसेच राहतात. पुढें तें चेंडू छातीशीं कवटाळूं लागतें. चवथ्या वर्षाच्या सुमारास मोठा चेंडू त्याला बहुतेक वेळां झेलतां येतो. नुसत्या पंजांनीं झेल घेणें त्याच्याही नंतरचें. मुलामुलांत कांहीं महिन्यांचा फरक असावयाचाच. ह्या क्रमाच्या आधींच एखाद्या काकानें कौतुकानें जोरांत टाकलेला कठीण चेंडू तोंडावर बसला, तर मूल त्या दिवसापासून चेंडू येतांना मान फिरवितें आणि डोळे मिटतें. ज्याचे डोळे मिटलेले त्याला झेल कसा साधावा? झेल सुटतो, मोठे हंसतात, आणि ‘ह्याला खेळतां येत नाहीं’ असा शिक्का बसतो. चेंडूची इजा चार दिवसांत बरी होते. त्या शिक्क्याची इजा कित्येकदां मोठेपणींही बरी होत नाहीं.

तेव्हां झेलण्याचा अभ्यास पायरीपायरीनें व्हावा. आधीं जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू दोन्ही हातांनीं अडविणें. मग एक टप्पा खाऊन आलेला चेंडू पकडणें. टप्प्यामुळें त्याची गति मंदावते आणि तो खालून वर येत असल्यामुळें भीति वाटत नाहीं. त्यानंतर दोन पावलांवरून, हात खालून आणून, छातीच्या रोखानें हलकेच टाकलेला झेल. टाकण्यापूर्वीं मुलाचें नांव घ्यावें, त्यानें डोळे वर करून पाहिलें म्हणजेच चेंडू सोडावा. ज्याला फार भीति वाटते त्याच्यासाठीं चेंडूऐवजीं पातळ हातरुमाल उडवावा. तो तरंगत सावकाश खालीं येतो, डोळ्यांना त्याचा माग काढतां येतो आणि लागण्याचा प्रश्नच नसतो. आठ दिवस रुमाल झेलणारें मूल नवव्या दिवशीं आपण होऊन चेंडू मागतें.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना सोबत्यांचे खेळ हवे असतात, आणि त्यासाठीं आपली लगोरी फार उत्तम. मात्र दगडांच्या सात लगोऱ्यांऐवजीं लांकडी ठोकळे किंवा रिकामे डबे पांचच घ्यावे, चेंडू चिंध्यांचा ठेवावा, आणि नेम कमरेखालींच धरावयाचा असा नियम असावा. आबाधोबीचा, म्हणजे एकमेकांच्या पाठींत चेंडू हाणण्याचा, खेळ मुलांना आवडतो. परंतु रबरी चेंडूनें तो लहान मुलांत खेळूं देऊं नये. भिंतीवर चेंडू टाकून टप्पे मोजण्यानें अंकही पाठ होतात. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. चुकला तो बाद आणि बाद झाला तो बाहेर, ह्या रीतीनें ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत आधीं बाजूला बसतो. लहान मुलांच्या खेळांत कोणी बाद होऊं नये. चुकलेल्यानें एक उडी मारावी आणि पुन्हां खेळांत यावें.

क्रिकेटचें वेड तर आपल्या घराघरांत आहे. पण खऱ्या क्रिकेटच्या चेंडूचें वजन सुमारें १५६ ते १६३ ग्रॅम असून तो कातड्यानें मढविलेला कठीण गोळाच असतो. पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं त्याचें कांहींच काम नाहीं. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. तोसुद्धां वेगानें डोळ्यावर बसला तर इजा करतो. शिवाय चेंडूपेक्षां फळीचा तडाखा अनेकदां वाईट ठरतो, म्हणून फळी फिरविणाऱ्याच्या भोंवतीं खडूनें मोठें वर्तुळ काढावें आणि त्यांत दुसऱ्या कोणी पाऊल टाकूं नये. खेळ ज्यांच्या हातीं आहेत त्या मोठ्या संस्थांनींही मुलांपुढें आपले नियम वांकविले आहेत. आंतरराष्ट्रीय टेनिस संघानें २०१२ पासून दहा वर्षें व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू बाजूला सारून मंद गतीचे चेंडू आणले. मुलांच्या बास्केटबॉलमध्यें टोपली ३.०५ मीटरांऐवजीं २.६० मीटर उंचीवर असते. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनें २०१५ सालीं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानें चेंडू मारण्यास मनाई केली, आणि इंग्लंडच्या संघटनेनें २०२० सालीं प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावांतून तो प्रकार काढून टाकला. जगज्जेते घडविणाऱ्यांना जें करण्यांत कमीपणा वाटला नाहीं, त्यांत बापाला वाटण्याचें कारण नाहीं.

आतां दुसरें सूत्र, जागेचें. पूर्वीं वाड्याला अंगण आणि अंगणाला दिंडी असे. चेंडू दिंडीशीं थांबे. आज सदनिकेला सज्जा असतो, इमारतीला गच्ची असते आणि खालीं मोटारींचा तळ असतो. सज्जांत चेंडू कधींही खेळूं नये, कारण कठड्यापलीकडे गेलेला चेंडू पाहण्यासाठीं मूल खुर्ची ओढून वर चढतें. गच्चीवर वडील माणूस बरोबर नसेल तर चेंडू नेऊं नये. मोटारींच्या तळावर मागें येणाऱ्या गाडीच्या चालकाला मागें उभें असलेलें लहान मूल दिसत नाहीं. विहीर, हौद, पाण्याची उघडी टांकी ह्यांच्या आसपास तर चेंडूला मज्जावच असावा. अंगण नसेल तेथें घरांतला मधला खण, पाट-खुर्च्या बाजूला सारून, चिंध्यांच्या चेंडूला पुरे होतो. नाहींतर कुंपणाचें मैदान आणि बंद फाटक.

मुलाला नुसतें ‘रस्त्यावर जाऊं नको’ असें सांगून भागत नाहीं. धांवत्या चेंडूमागें धांवणाऱ्या मुलाला उपदेश आठवत नाहीं. त्याच्या अंगांतच संवय मुरली पाहिजे. त्यासाठीं खडूनें एक पांढरी रेघ ओढावी आणि तिचाच खेळ करावा. मुद्दाम चेंडू रेघेपलीकडे घालवावा. मुलानें रेघेवर दोन्ही पाय जोडून थांबावें, दोन्ही हात वर करावे आणि ‘चेंडू गेला’ असें मोठ्यानें ओरडावें. मग वडील माणसानें चेंडू आणून द्यावा आणि थांबल्याबद्दल शाबासकी द्यावी. रोज पांच-सात वेळां हें झालें म्हणजे रेघ नसलेल्या ठिकाणींही पाय थबकूं लागतात. तरीही मोठ्यांनीं बेसावध राहूं नये. आणि मोटार हांकणाऱ्यांनींही लक्षांत ठेवावें कीं रस्त्यांत चेंडू आला तर त्याच्या मागून मूल येणार, हें धरूनच चालावें.

परंतु ह्या साऱ्यापेक्षां महत्त्वाची एक गोष्ट घरांतल्या बोलण्याची आहे. ‘हा चेंडू हरवलास तर पुन्हां मिळणार नाहीं’, ‘केवढ्याचा आणला आहे, ठाऊक आहे कां?’ असे शब्द सहज तोंडांतून जातात. मुलाच्या मनांत ते खोल बसतात. मग चेंडू रस्त्यावर गेला म्हणजे त्याला गाडीपेक्षां बोलणीं खाण्याची भीति मोठी वाटते, आणि तें धांव घेतें. मुलाला मोटारीच्या वेगाचा अंदाज येत नाहीं. वडिलांच्या रागाचा मात्र अचूक येतो. म्हणून चेंडूची किंमत मुलाला कधींच ऐकवूं नये. ‘गेला तर जाऊं दे, आपण दुसरा करूं’ हें वाक्य त्यानें इतक्यांदा ऐकलेलें असावें कीं चेंडू निसटतांच तेंच त्याला प्रथम आठवावें. चिंध्यांच्या चेंडूचा हाही एक गुण आहे कीं तो घालविण्याची भीति कोणालाच वाटत नाहीं.

मुलींविषयीं वेगळें कांहीं सांगावयाचें नाहीं, आणि तेंच मुद्दाम सांगावें लागतें. पुष्कळ घरांत अजूनही मुलाच्या वाढदिवसाला चेंडू आणि मुलीच्या वाढदिवसाला भातुकली येते, आणि पुढें ‘मुलींना फेकतां येत नाहीं’ असें हंसून म्हटलें जातें. ज्या हाताला चेंडू दिलाच नाहीं त्या हातानें तो फेकावा तरी कसा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरांत मिळून निदान तीन तास हालचाल हवी, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांचें पडद्यापुढचें बसणें तासाभरापेक्षां अधिक नसावें. ह्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाहीं.

हें सारें ऐकून कोणाला वाटेल कीं एका चेंडूसाठीं एवढा खटाटोप कोण करणार! परंतु खटाटोप फारसा नाहींच. एक जुनी लुगड्याची पट्टी, एक पायमोजा, खडूची एक रेघ आणि सायंकाळचीं पंधरा मिनिटें. त्या पंधरा मिनिटांत भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलींत ठेवून घरांतलें एखादें मोठें माणूस सतरंजीवर मुलापुढें बसलें पाहिजे, एवढीच काय ती अवघड अट. चेंडू एकट्यालाही खेळतां येतो. परंतु लहान मुलाला तो परत पाठविणारें कोणीतरी समोर लागतें.